‘ते खातं बदनाम आहे’ म्हणून सोडून द्यायचं का?

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला अमली पदार्थ नियंत्रण विभागात, म्हणजे एनसीबीत, अधिकारी व्हायचं आहे. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. ते म्हणतात, ‘क्रूझचं प्रकरण बघितलंस ना? ते खातं बदनाम आहे. गुमान बी.एड. कर.’ मी काय करू?

उत्तर : तुझ्या वडिलांची शंका हवेतली नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझवर एनसीबीनं छापा घातला. अभिनेता शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान आणि इतरांना अटक झाली. उच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत आर्यन जवळजवळ चार आठवडे अटकेत होता. मे २०२२ मध्ये एनसीबीनंच १४ जणांवर आरोपपत्र दाखल केलं आणि पुरेशा पुराव्याअभावी सहा जणांना वगळलं. त्या सहांत तो होता. पुढं मे २०२३ मध्ये सीबीआयनं मुंबईच्या तत्कालीन विभागीय संचालकांवर खंडणीच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. ते आरोप त्यांनी नाकारले आहेत. ज्या मुलीला या खात्यात जायचंय तिनं हे सगळं नीट वाचलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्याकडे टीव्हीवर कुणी फारसं लक्ष देत नाही, ते सांगते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ चा आणि एनसीबीची स्थापना मार्च १९८६ ची. हा कायदा अतिशय कडक आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ५० ग्रॅम किंवा गांजा २० किलो झाला की ‘व्यावसायिक प्रमाण’ धरतात. मग शिक्षा किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळं जामीन मिळणं महाकठीण. कायदा एवढा कडक, म्हणून अधिकाऱ्यावरची बंधनंही तेवढीच कडक आहेत. खबर मिळाली की ती लिहून काढायची आणि वरिष्ठांना ७२ तासांत कळवायची. अंगझडतीआधी त्या माणसाला सांगायचं, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. बाईची झडती बाईनंच घ्यायची. कलम ५२-अ प्रमाणं जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे. आणि २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की कलम ६७ खाली अधिकाऱ्यानं घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही.

म्हणजे उरतं काय? पंचनामा, सील, नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल. एक सही चुकली, पंच फितूर झाला, नमुन्याचं वजन जुळलं नाही, की खरा तस्करही सुटतो. उलट ही शिस्त धाब्यावर बसवली, की निर्दोष पोराची ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात जातात. या दोन्ही गोष्टींची चीड येते का तुला? रात्री दोन वाजता, दमलेली असताना, पंचनाम्याची प्रत्येक ओळ पुन्हा तपासशील का? माझ्या मते तुझी पात्रता या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. छाप्याचा थरार हेच आकर्षण असेल, तर वडिलांचं ऐक.

आणि हे सगळं लांबच्या मुंबईतलं आहे असं समजू नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखाना पकडला गेला. ती कारवाई मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेची होती, एनसीबीची नव्हे. आंध्र-ओडिशा सीमेवरून येणारा गांजा हैदराबादच्या हायवेनं आपल्याच दारावरून पुण्या-मुंबईकडं जातो. एनसीबीचा भर आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय टोळ्यांवर असतो. मे २०२३ मध्ये नौदलासोबत अरबी समुद्रात सुमारे अडीच हजार किलो मेथ (मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ) पकडलं, ते त्यांचं खरं काम. गावपातळीवरचा बराचसा भार पोलिसच उचलतात. त्यामुळं एकाच खात्यावर अडून बसू नकोस.

वाटा सांगते. एनसीबीत बरेच अधिकारी पोलिस, कस्टम्स अशा खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. थेट जायचं तर एसएससीची, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची, पदवीधरांसाठीची सीजीएल परीक्षा. त्यात एनसीबीचं उपनिरीक्षक किंवा कनिष्ठ गुप्तवार्ता अधिकारी हे पद असतं आणि कुठल्याही शाखेची पदवी चालते. उंची-दृष्टीच्या अटी पदागणिक बदलतात, म्हणून मूळ जाहिरात वाच, क्लासवाल्याच्या पोस्टरवर जाऊ नकोस. त्याच परीक्षेतून कस्टम्समध्येही जाता येतं. नेमणूक देशात कुठंही होईल, हे घरी आधीच सांग.

तुझ्या रसायनशास्त्राला मात्र सगळ्यात जवळचं काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहायकांची भरती निघते. जप्त पुडीत नेमकं काय आहे, हे तिथला अहवाल सांगतो आणि कित्येकदा खटला त्यावरच उभा राहतो. ही वाट तू पत्रात लिहिलीच नाहीस. मला ती तुझ्यासाठी फार जमेची वाटते.

बी.एड.ची सीईटी देऊन ठेव, अर्जाची तारीख चुकवू नकोस. आणि एक दिवस वडिलांना घेऊन जिल्हा न्यायालयात जा. एनडीपीएसचा खटला कुठल्या कोर्टात चालू आहे ते विचारून मागच्या बाकावर बसा. सुनावणी सहसा खुली असते. पंचाची आणि तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी पूर्ण ऐका. घरी आल्यावर वडिलांना काय वाटलं, ते मला कळव.