पुठ्ठ्याची रॉकेटं करून झाली. फायबरग्लासचं हाय-पॉवर रॉकेट बांधताना काय वेगळं करावं लागतं? लाकडाचा गोंद चालेल का?

लाकडाचा गोंद अजिबात चालणार नाही. तो पुठ्ठ्याच्या धाग्यांत मुरतो, त्यातलं पाणी निघून जातं आणि सांधा पुठ्ठ्याहून पक्का होतो. फायबरग्लासमध्ये त्याला मुरायला जागाच नाही. इथे इपॉक्सीच (दोन घटक मिसळले की घट्ट होणारा चिकट पदार्थ) लागतं, आणि तेही पृष्ठभाग नीट तयार केलेला असेल तरच धरतं. फायबरग्लासची नळी सहसा फाटत नाही, सुटतो तो सांधा. म्हणून माझा सगळा जोर या तयारीवर असतो.

नळ्या आणि फिन (शेपटाकडचे पंख) कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असू शकतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतरच घासा. क्रम उलटला तर तोच मेणचट थर घासून आत बसतो. जिथे जिथे इपॉक्सी लागणार तिथे ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-उभा फिरवा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. पुन्हा पुसून झालं की पाण्याचा थेंब टाकून बघा. तो सलग पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, गोळा होऊन बसला तर अजून काम बाकी आहे. पाणी पूर्ण वाळू द्या आणि मग त्या जागेला उघडं बोट लावू नका.

घासताना ओलं करूनच घासा. पी१०० दर्जाचा मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या हे सगळं हवंच. काचेची धूळ छातीत जाता कामा नये, यात तडजोड नाही.

फिन शक्यतो नळीच्या खाचेतून आत जाऊन थेट मोटरच्या नळीवर टेकणारे असावेत. पाच मिनिटांचं इपॉक्सी फक्त फिन जागेवर धरून ठेवायला वापरा. उष्णतेने ते लवकर मऊ पडतं, त्यामुळे भार घेणारा सांधा सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचाच करा. मागची सेंटरिंग रिंग (मोटरची नळी मधोमध धरणारी चकती) बसवण्याआधी आतले फिलेट, म्हणजे सांध्याच्या कोपऱ्यातला इपॉक्सीचा गोलसर भराव, भरून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही. बाहेरच्या फिलेटसाठी इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका (दाटपणा आणणारी बारीक पूड) मिसळून ते श्रीखंडाइतकं दाट करा, खाच आडवी राहील असं रॉकेट ठेवा, दोन्ही कडांना टेप लावा आणि इपॉक्सी चिकट असतानाच टेप काढा. एका वेळी एकच बाजू. घाई केलीत की ओघळ आलाच.

वजनाचा हिशोब मात्र नव्याने मांडावा लागतो. जी१० चे (फायबरग्लास-इपॉक्सीच्या पत्र्याचे) फिन आणि मोटर दोन्ही शेपटाकडे, त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) किमान नळीच्या एका व्यासाइतका पुढे हवा. संचाच्या कागदावरचा आकडा धरू नका. रंग, इपॉक्सी, पॅराशूट, भरलेली मोटर असं सगळं बसवून प्रत्यक्ष तोला आणि तोच आकडा ओपनरॉकेट या उड्डाणाचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. मोटरचा सरासरी जोर रॉकेटच्या वजनाच्या पाचपट तरी असावा, म्हणजे ३ किलोच्या रॉकेटला साधारण १५० न्यूटन.

इतकं जड आणि टणक रॉकेट पॅराशूटशिवाय खाली आलं तर जीव जाऊ शकतो. दोन टप्प्यांत पॅराशूट उघडायचं असेल तर नायलॉनच्या शिअर पिन (ठरावीक जोर आला की तुटणाऱ्या पिना) लावा आणि इजेक्शनची, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकण्याची, चाचणी जमिनीवर, जाणत्या माणसासमोर करा. नळीला हवा निघायला बारीक भोक ठेवा, नाहीतर उंचीवर आतला दाबच नोजकोन (रॉकेटचं टोक) ढकलून देतो.

मोटर कारखान्यात बनलेली आणि प्रमाणित असलेलीच घ्या. मोटरचे वर्ग एकूण आवेगावरून (जोर गुणिले वेळ) इंग्रजी अक्षरांनी ठरतात. एच वर्ग १६० न्यूटन-सेकंदांच्या वर सुरू होतो. नार (NAR) आणि ट्रायपोली या हौशी रॉकेटवाल्यांच्या अमेरिकी संस्थांच्या पद्धतीत एच आणि आय वर्गासाठी लेव्हल १ प्रमाणपत्र लागतं, जे, के, एल साठी लेव्हल २. तुम्ही जिथे उडवणार तिथली हवाई परवानगी वेगळी. पहिलं उड्डाण क्लबच्या मैदानावरच करा.

आणि ट्रॅकर (पडलेलं रॉकेट शोधायला रेडिओने ठिकाण कळवणारं यंत्र) नोजकोनमध्येच बसवा. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं, फायबरग्लास अडवत नाही. फक्त त्या भागाला धातूचे कण असलेला रंग देऊ नका.