आमटी वाढवणारा 'ईक'

प्रश्न: नमस्कार सर, आजोबांच्या ट्रंकेत इंग्रजी कवितांचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात ई-के-ई असा शब्द सारखा येतो. मुलगी म्हणते 'ईक आउट'मधला, म्हणजे कसंबसं पोट भरणं, पण तो अर्थ तिथे बसतच नाही. काय भानगड आहे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: मुलगीही बरोबर आणि तुमची शंकाही, कारण हे दोन शब्द आहेत, एकाच घरातले. उच्चार 'ईक' हं, 'एके' नाही. कवितेतला ईक म्हणजे 'सुद्धा', 'शिवाय'. कुणी जर्मन शिकत असेल तर त्यांचा 'आउख' तो हाच. 14व्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर तो सर्रास वापरायचा, पुढे बोलण्यातून गेला पण कवींनी काही सोडला नाही, ओळीत एक अक्षर कमी पडलं की घाल ईक!

दुसरा ईक क्रियापद, मूळ अर्थ वाढवणं. ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे टपकले की आई आमटीत तांब्याभर पाणी, वर चिमूटभर मीठ नि थोडा काळा मसाला टाकून ती 'वाढवते' ना, अगदी तेच ईक आउट. म्हणजे आहे त्यात भर घालून पुरवायचं, मग त्यावरून तुटपुंजी कमाई पुरवणं आणि शेवटी मुलगी म्हणते ते कसंबसं पोट भरणं. इंग्लंडात पूर्वी मधमाश्यांसाठी पेंढ्याच्या टोपल्या विणायचे, आतली जागा पुरेना झाली की खाली तसंच एक कडं जोडायचे, त्या कड्याचं नावही ईक.

आणि गंमत म्हणजे आपण रोज वापरतो तो 'निकनेम' यातूनच आलाय. मूळ 'ॲन ईकनेम', म्हणजे वरचं जादा नाव, पण भरभर बोलताना 'ॲन'मधला न पुढच्या शब्दाला चिकटला तो चिकटलाच. एप्रनचं नेमकं उलटं झालं, तो आधी 'नेप्रन' होता, त्याचा न 'अ'ने पळवला.

लांबचं नातं काढायचं तर लॅटिनमधला वाढण्याचा शब्द याच मुळाचा, त्यातून 'ऑक्शन' आला. लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी अकराशे, अकराशे दहा, अकराशे वीस करत भाव चढवतात, ते चढवणं त्या शब्दातच आहे. संस्कृत 'ओजस्'सुद्धा याच कुळातला. आपला 'लिलाव' मात्र पोर्तुगीजांकडून आलाय, त्याचा इथे काही संबंध नाही.