कॉलेज बदलून नाशिकला आलो, शिष्यवृत्ती नाही. इंजिनिअरिंगची फी कशी भरू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पहिलं वर्ष झालं, मग वडिलांची नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली नोकरी गेली, म्हणून दुसऱ्या वर्षाला बदली घेऊन घरी आलात. मागच्या वर्षीचं उत्पन्न आठ लाखांच्या वर, त्यामुळे शिष्यवृत्ती नाही, आणि फीची तारीख तोंडावर आली आहे.

मी नाशिकमधल्याच एका कॉलेजात अकाउंट्सला होतो, फीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला. त्या अनुभवावरून सांगतो: पैसे कुठून आणायचे हा विचार दुसरा. पहिला विचार, नक्की किती आणायचे.

कॉलेजने दिलेला आकडा एकरकमी ऐकू नका, त्याचा तपशील लेखी मागा. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय दिसते. तुमच्या कागदावरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. बस आणि मेस त्यात धरली असेल तर काढायला सांगा. घरून येणाऱ्याला त्यांची गरज नाही, सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा, पास पुष्कळ स्वस्त पडतो.

जुन्या कॉलेजकडेही पैसे असतील. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत आणि ग्रंथालयाची ठेव परत मिळते, फक्त पावती जपलेली हवी आणि ना-देय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद, हवा. मधूनच जाणाऱ्याकडे उरलेल्या वर्षांची फी मागणं किंवा मूळ कागदपत्रं अडवणं एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमात बसत नाही. तशी मागणी झाली तर भांडू नका, मागणी लेखी द्या म्हणा. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असतील तर स्थलांतर प्रमाणपत्राचा खर्च आणि धावपळ वाचते. पुण्याचं कॉलेज स्वायत्त, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणारं, असेल तर मात्र राहिलेले विषय कोणते आणि त्यांची परीक्षा फी किती, हे आत्ताच विचारा.

आता हप्ते. ही गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. शेवटच्या तारखेला संध्याकाळी मान खाली घालून आलेल्या पालकांना मी पाहिलंय, आणि तेव्हा आमच्या हातात काही उरलेलं नसायचं. तोच माणूस दोन आठवडे आधी अर्ज घेऊन आला की प्राचार्यांची सही सहज मिळायची. अर्जात अडचण दोन ओळींत लिहा, वडिलांचं नोकरी सुटल्याचं पत्र जोडा, आणि मुख्य म्हणजे तारखा व रकमा तुम्हीच लिहा. 'सवलत मिळावी' एवढ्यावर कुणी निर्णय घेत नाही. 'आज इतके, दिवाळीनंतर इतके, मार्चमध्ये इतके' यावर घेतात. काकांची द्राक्षबाग असेल आणि ते मदत करणार असतील तर शेवटचा हप्ता माल गेल्यानंतरचाच धरा. पुढच्या तारखांचे चेक मागितले तर ज्या तारखेला खात्यात पैसे नक्की असतील तेवढेच द्या. चेक परत गेला तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज. दुसऱ्या वर्षातही ते मिळतं, उरलेल्या तिन्ही वर्षांसाठी एकदाच मंजूर करून घेता येतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्राच्या पतहमीमुळे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला असलेल्या हमीमुळे, साडेसात लाखांपर्यंतही सहसा लागत नाही. फेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते, तोवर सरळव्याज चढत राहतं. जमेल तसं ते महिन्याला भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो. वडिलांना पगार नाही म्हणून शाखेत नकार आला तर आई किंवा कमावता भाऊ सहकर्जदार चालतो का ते विचारा, आणि शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून दुसऱ्या बँकांकडेही अर्ज टाका. कॉलेजकडून बोनाफाइड आणि तिन्ही वर्षांच्या फीचं पत्र एकाच वेळी घ्या. मंजुरीला वेळ लागतो, म्हणूनच आधी हप्त्यांचा अर्ज.

कॉलेजच्या आवारात टेबल टाकून 'बिनव्याजी हप्ते' देणाऱ्या कंपन्या असतात. तेही कर्जच असतं, पालकांच्या नावावर, आणि परतफेड लगेच पुढच्या महिन्यापासून. नोकरी नसलेल्या घराला ते झेपत नाही. वडिलांच्या पीएफलाही शक्यतो हात लावू नका. शैक्षणिक कर्ज तुम्ही नोकरी लागल्यावर फेडाल; त्यांचा पीएफ मात्र पुन्हा उभा राहणार नाही.

विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेसाठी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. ग्रंथालयात किंवा कार्यालयात तासावर काम असतं. त्यातून फी निघत नाही, पुस्तकं आणि परीक्षा फी निघते.

शिष्यवृत्तीचं दार कायमचं बंद झालेलं नाही. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून यंदा तुम्ही बाहेर पडलात. एप्रिलनंतर तहसीलमधून नवा दाखला काढा. पहिल्या वर्षाचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला असेल तर कॅपचं वाटपपत्र आणि बदलीची मंजुरी जोडून पुढच्या वर्षी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत अर्ज करता येईल का, हे शिष्यवृत्ती विभागात आत्ताच विचारून ठेवा. अर्ज सुरू झाल्यावर त्या खिडकीवर कुणाला बोलायला फुरसत नसते.