चमचाभर पेट्रोलवर दहा सेकंद

प्रश्न : आम्ही ओंटारिओत राहतो. 1970च्या दशकातली स्की-डू (बर्फावर चालणारी गाडी) घेतली आहे. एका सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन, टिलॉट्सन कार्बुरेटर. प्लगच्या भोकातून चमचाभर पेट्रोल सोडलं की दहा सेकंद चालते आणि बंद पडते. काय बदलावं?

उत्तर : चालते म्हणजे ठिणगी आहे, टाकीतलं पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. या कार्बुरेटरचा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या चढउतारावर चालतो. म्हणून दोन्ही डायफ्रॅम (पातळ लवचीक पडदे), इनलेट नीडल (पेट्रोल आत सोडणारी सुई) आणि क्रँककेसकडून येणारी बारीक नळी एकदमच बदला. जुना डायफ्रॅम वाळून कडक होतो, हलतच नाही. आतली जाळीही धुवा. इथेनॉल नसलेलं पेट्रोल वापरा.

तरीही घाई नको! आधी क्रँकचे सील तपासा. इनटेक आणि एक्झॉस्ट घट्ट बंद करून 6 पीएसआय हवा भरा. सांध्यांवर, सीलभोवती साबणाचं पाणी लावा. काही मिनिटांत दाब उतरला तर बुडबुडे जिथे येतील तिथे गळती. तिथून हवा शिरली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्यातच मिसळलेलं ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जळतो. तोवर फुल थ्रॉटल अजिबात देऊ नका.