साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन कातळावर चढायला जाता येईल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: साडेचार वर्षांच्या मुलीला दोरावर चढवायला हे वय योग्य आहे का, बदली होऊन बडोद्याला आल्यावर जवळपास कुठे जाता येईल, आणि तुम्हा दोघांना स्वतःचे प्रस्तरारोहण आता बंद करावे लागेल का. आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारातले, आणि दोघेही लग्नाआधीपासून कातळावर चढणारे. आमचा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे आणि तीन वर्षांचा असल्यापासून आमच्याबरोबर येतो, त्या अनुभवावरून लिहिते आहे. वयाचा प्रश्न तुम्ही पहिला मांडला आहे, पण मी तो दुसरा घेईन, कारण मूल किती वर्षांचे आहे यापेक्षा बरोबर मोठी माणसे किती आहेत, यावर त्या दिवसाचे बरेच काही ठरते.

मुलाला घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो ते पावागडाच्या पायथ्याकडच्या एका वीस-बावीस फुटी खडकावर, आणि आम्ही तिघेच गेलो. नवरा वर चढत होता, मी खाली उभी राहून बिले देत होते, म्हणजे त्याला बांधलेला दोर सांभाळत होते, आणि मुलगा माझ्या मागे चटईवर गाड्यांची रांग लावत बसला होता. तो खेळात रमला आहे तोवर प्रत्येकी एक चढाई उरकेल, असा आमचा हिशेब होता. नवरा जेमतेम पंधरा फुटांवर पोहोचला असताना मागून आवाज आला, "आई, शी आली." उजव्या हातात ब्रेकचा दोर, म्हणजे चढणारा पडला तर त्याला रोखून धरणारा भाग, होता, तो सोडणे शक्य नव्हते, आणि डावा हात मुलापर्यंत पोहोचत नव्हता. नवऱ्याला सावकाश खाली उतरवायला मिनिटभर तरी लागणार होता, आणि तेवढ्यात चिरंजीव अर्धी चड्डी उतरवून, दुडक्या चालीने, उताराच्या कडेला असलेल्या झुडपाकडे निघाले होते, कारण आजीने त्यांना लाजायला नुकतेच शिकवले होते. झाले काही नाही. नवरा उतरला, धावला, त्याने त्याला उचलले. परंतु ते मिनिट मी अजून विसरलेले नाही, आणि त्यानंतर आम्ही तिघेच कातळावर पुन्हा कधी गेलो नाही.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की एक जण चढणारा, एक जण दोर सांभाळणारा, आणि तिसरा असा, की ज्याला मुलाकडे पाहण्याखेरीज दुसरे कोणतेही काम नाही. चढणाऱ्याचे फोटो काढणे हेही त्याचे काम नाही. या तिसऱ्या माणसाला चढता येण्याची गरज नसते, मात्र त्याला धावता आले पाहिजे. माझ्या सासूबाई कालिकामातेच्या दर्शनाच्या निमित्ताने हौसेने बरोबर येतात आणि पुरी-भाजीचा डबाही त्यांचाच असतो, पण त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही त्यांना या मोजणीत धरत नाही (हे त्यांनी वाचू नये). आम्हाला सर्वांत सोयीची पडलेली व्यवस्था म्हणजे दोन कुटुंबांनी मिळून जाणे: चार मोठी माणसे, दोन मुले, आणि चढणे पाळीपाळीने.

आता वय. यासाठी एखादा ठरावीक आकडा सांगणे मला पटत नाही. "थांब" म्हटल्यावर पहिल्याच हाकेला मूल थांबते का, आणि चढायची इच्छा त्याची स्वतःची आहे की तुमची, एवढे दोनच प्रश्न मी विचारीन. पहिल्याची परीक्षा न्यायमंदिराजवळच्या गर्दीत रस्ता ओलांडताना आपोआप होते. आमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही उत्तरे साडेपाचाच्या सुमाराला मिळाली. त्याआधीची अडीच वर्षे त्याने दोराशिवाय, छातीइतक्या उंचीच्या दगडांवर, आमचे हात त्याच्या पाठीमागे असताना काढली, आणि ती वाया गेली असे मला मुळीच वाटत नाही. मुलांना वर जाणे उपजतच येते, उतरणे येत नाही. ती समोर तोंड करून बसून घसरत येतात आणि पाय कुठे टेकणार ते त्यांना दिसत नाही. म्हणून चढण्याआधी उतरणे शिकवा: पोट दगडाकडे, एक पाय खाली, तो टेकला की मगच दुसरा. तुमच्या मुलीला या हिवाळ्यात एवढेच आले तरी पुष्कळ झाले. घराजवळ मल्लखांबाचा वर्ग मिळाला तर जरूर घाला. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे आखाड्याचे आकर्षण या गावात जुने आहे, आणि स्वतःचे वजन हातापायांनी पेलण्याची सवय तिथे लागते तशी बागेतल्या घसरगुंडीवर लागत नाही.

दोरावर चढवायचे ठरेल तेव्हा मोठ्यांचा कंबरेचा हार्नेस (दोर ज्याला बांधतात तो पट्ट्यांचा साज) आवळून तिला घालू नका. लहान मुलांची कंबर अजून भरलेली नसते आणि डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे दोराला लटकल्यावर मूल उलटे होऊन हार्नेसमधून निसटू शकते. त्यांच्यासाठी खांद्यांवरून येणारा, पूर्ण अंगाचा हार्नेस मिळतो, ज्यात दोर छातीपाशी बांधला जातो आणि मूल सरळ राहते. युरोपीय मानक ईएन १२२७७ मध्ये ४० किलोपर्यंतच्या व्यक्तींसाठी 'बी' हा वेगळा प्रकारच आहे. विकत घेताना त्याची खूण पाहून घ्या. हेल्मेट मुलाच्या मापाचे हवे, आणि कातळापासून दूर झाडावर किंवा झोपाळ्यावर खेळायला लागताच ते काढून ठेवायचे, कारण चढाईच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा मुद्दाम घट्ट राहील असा केलेला असतो आणि हेल्मेट फांदीत अडकले तर तोच पट्टा फास ठरतो. चढाईच्या बुटांवर इतक्यात खर्च करू नका, कॅनव्हासचे बूट पुरतात.

तुम्ही दोघे अनुभवी आहात, तरी एक गोष्ट अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही, ती म्हणजे मुलाचे वजन. आमच्या मुलाची पहिली खरी चढाई दहा-बारा फुटांची होती. तो वर गेला, दगडावर थाप मारून आला आणि "आता सोड" म्हणाला. मी दोर सोडायला लागले. माझ्या बाजूने दोर ढिला पडत गेला, पण मुलगा जागचा हलेना. मोठे माणूस स्वतःच्या वजनाने खाली येते, पण सोळा किलोच्या पोराला वरच्या धारेवर घासणाऱ्या दोराने जसेच्या तसे धरून ठेवले होते. तो घाबरला नाही, उलट वरून मला समजावू लागला, "आई, मी नाही अडकलो, तूच सोडत नाहीयेस." अशा वेळी दोर आणखी ढिला करत राहणे ही सर्वांत मोठी चूक, कारण घर्षण एकाएकी सुटले तर दोर जितका ढिला झाला असेल तितके मूल एकदम खाली येते. मी दोर पुन्हा ताणून घेतला, आणि नवरा बाजूच्या सोप्या वाटेने वर जाऊन दोर हाताने धारेपासून जरा अलग करत राहिला, तेव्हा मुलगा खाली आला. त्यानंतर आम्ही दोन सुधारणा केल्या. अँकरचा, म्हणजे वर दोर अडकवायच्या पक्क्या आधाराचा, स्लिंग (पट्टा) लांब घेऊन कॅरॅबिनर (दोर ज्यातून जातो ती धातूची कडी) धारेच्या पुढे लोंबेल असे ठेवतो, म्हणजे दोर दगडाला घासत नाही. आणि मुलाच्या हार्नेसला एक पातळ दोरी बांधून तिचे टोक खाली दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाती देतो, म्हणजे मूल अडकलेच तर हलकेच ओढून आणता येते.

खडकाच्या पायथ्याशी मुलांना कुठे बसवायचे, हे पोहोचल्यावर सर्वांत आधी ठरवा. चढणाऱ्याच्या थेट खाली तर नाहीच, उतार असेल तर उताराच्या रेषेतही नाही, कारण सुटलेला दगड टप्पा घेत पुढे जातो. बाजूला, सावलीत. वरून "दगड!" अशी हाक आली की मूल हमखास मान वर करून पाहते. आम्ही हा खेळ घरी गॅलरीत खेळलो: कुणीही "दगड!" ओरडले की भिंतीला चिकटायचे आणि मान खाली. पाहुण्यांना तो प्रकार चमत्कारिक वाटे.

आग्यामोहोळाबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. कड्याच्या बाहेर आलेल्या कपारींखाली ही मोठी, काळपट पोळी लोंबतात आणि दुरून दगडाचाच भाग वाटतात. चढण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहून कडा न्याहाळा, आणि पोळे दिसले तर त्या दिवसापुरता तो कडा सोडून द्या, मग तुम्ही कितीही लांबून आला असा. जमिनीवरचे माणूस पळू शकते, दोरावरचे माणूस पळू शकत नाही, आणि त्याला दोराने धरून ठेवणारेही पळू शकत नाही. अत्तर नको, जवळपास चूल किंवा सिगारेट नको. माश्या उठल्याच तर मुलाचे तोंड ओढणीने झाकून, त्याला उचलून, न थांबता दूर जायचे.

जागेविषयी: बडोद्याभोवतीचा मुलूख सपाट आहे, त्यामुळे आपल्याला पावागड हाच आधार. शहरापासून तो सुमारे ५० किलोमीटर आहे, उंची साधारण ८०० मीटर, आणि दगड ज्वालामुखीतून आलेला. सह्याद्रीतल्या कातळाची सवय असलेल्यांना इथला रायोलाइट हा दगड वेगळा वाटेल, म्हणून प्रत्येक पकड ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर भार टाकू नका. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथले तट, कमानी, दरवाजे हे सारे पाहण्यासाठी आहे, त्यांच्यावर चढणे गैर आणि बेकायदेशीरही आहे, आणि वनखात्याच्या हद्दीत दोर लावण्याआधी परवानगी विचारावी. दोन्ही नवरात्रांत तिकडे फिरकू नका, गर्दीत गाडी लावायलाही जागा मिळत नाही. माचीकडची माकडे हातातला खाऊ ओढून नेतात, तेव्हा खाखऱ्याचे पाकीट मुलीच्या हाती देऊ नका. आमचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे साडेपाचला निघतो आणि अकराच्या आत दोर गुंडाळतो. मार्चनंतर दगड इतका तापतो की मुलांचे तळहात भाजतात, आणि पावसाळ्यात शेवाळ्यामुळे मोठ्यांचेही काही चालत नाही.

परतताना आजव्याचे सरोवर किंवा एखादा ओढा पाहून मुले पाण्यात उतरण्याचा हट्ट धरतात. तुम्ही बाहेरून आला आहात म्हणून मुद्दाम सांगते: आपली विश्वामित्री पावागडातच उगम पावते आणि भर शहरातून वाहताना मगरी सांभाळते. आजव्यातही मगरी आहेत. काठावरून पाहणे वेगळे, पण पाय बुडवायलाही उतरू नये.

थोडी मोठी झाल्यावर मुलीला माउंट अबूला न्या. गुजरात सरकारची स्वामी विवेकानंदांच्या नावाची गिर्यारोहण संस्था तिथे आहे आणि ती मुलांसाठीही शिबिरे घेते. ग्रॅनाइटवर पाऊल कसे चिकटते, हे तिथे पहिल्याच दिवशी कळते.

राहिला तुमच्या स्वतःच्या चढण्याचा प्रश्न. मुलीला घेऊन जाल त्या दिवशी दोन छोट्या चढाया झाल्या तर चांगले झाले असे समजा, आणि अवघड चढाई तर त्या दिवशी मुळीच करू नका, कारण अर्धे लक्ष खाली ठेवून कठीण जागा पार करता येत नाही. त्यासाठी वेगळा रविवार ठेवा. आम्ही महिन्यातला एक रविवार मुलाला सासूबाईंकडे ठेवून दोघेच मित्रांबरोबर जातो. सुरुवातीला तो रडत असे. आता सासूबाई त्याला कमाटीबागेत नेऊन वर सेव-उसळ खाऊ घालतात, आणि मागच्या महिन्यात त्यानेच विचारले, की तुम्ही या रविवारी घरीच का आहात.