हाडाने धरलाच नाही तर?

दाताच्या इम्प्लांटच्या, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवण्याच्या निर्णयापाशी अडकलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुधा घरच्यांनी पाठवलेली. "दुखेल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मनातला प्रश्न येतो तिसऱ्या-चौथ्या भेटीत: "एवढं करून हाडाने धरलाच नाही तर?" अलीकडे तो इतक्या वेळा ऐकला, की एका मावशींबद्दल लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ६१, माहेर साताऱ्याकडचं, राहणं धनकवडीत. खालची उजवी दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली. मुलगा-सून खर्चाला तयार, स्कॅन झालेला, आणि तारीख तीनदा पुढे ढकललेली. एकदा संकष्टी, एकदा पाहुणे, एकदा नुसतंच "बघू".

"त्या ड्रिलची धास्ती वाटते हो, ताई."

"कुठपर्यंत जातं असं वाटतं?"

"मेंदूपर्यंत," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मग कागदावर जबडा काढला. टायटॅनियमचा स्क्रू जेमतेम १० मिलिमीटर लांब, ४-५ मिलिमीटर जाड. खाली हाडातून ओठाकडे जाणारी नस असते, म्हणून स्कॅनवर उंची मोजून तिच्या वर निदान २ मिलिमीटर जागा सोडतात. भोक एकदम पाडत नाहीत. बारीक ड्रिलपासून एकेक जाड ड्रिल, हळू, वरून सलाइनची धार. हाड ४७ अंशांवर मिनिटभर जरी तापलं तरी पेशी मरतात, म्हणून एवढी निगुती. भूल दिल्यावर थरथर जाणवते, दुखत नाही.

धास्ती उतरली. तारीख मात्र चौथ्यांदा पुढे गेली.

माहिती मिळूनही पाऊल उचललं जात नाही, तेव्हा मी आणखी माहिती देत नाही. भीतीचं वाक्य माणसाने शेवटापर्यंत बोलावं, अशी माझी रीत.

"समजा, गेलात. बसवला. पुढे?"

"पुढे धरणार नाही."

"कशावरून?"

"माझं हाड नाही धरणार."

"'माझं' का?"

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"मशेरी लावते मी. सुनेला ठाऊक नाही. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का? नाही म्हटलं. खात नाहीच ना, लावते."

इथे माझाही अंदाज चुकला होता. मी भीतीला गैरसमज समजून चित्रं काढत बसले, आणि मावशींना डॉक्टरांच्या फाइलपेक्षा जास्त माहिती होती. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला रक्त कमी मिळतं, जखम रेंगाळते. त्यांची भीती रास्त होती. अडचण लपवण्याची होती. त्यानंतर आम्ही भीती घालवायचा नादच सोडला आणि तिच्यातून डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींची चिठ्ठी केली.

अशी चिठ्ठी प्रत्येकाने करावी. तंबाखू कुठल्याही रूपात: मशेरी, तपकीर, गुटखा, बिडी. साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट. ७ च्या आसपास असेल तर डॉक्टर सहसा निश्चिंत असतात, बराच वर असेल तर आधी साखर आटोक्यात. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून, कारण त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडथळा येऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

सिगारेट ओढणाऱ्यांना सांगितलं जाणारं एक सूत्र असं: निदान आठवडाभर आधी बंद, नंतर आठ आठवडे बंद. मावशींनी मशेरीला तेच लावलं. दिवसातून पाच वेळा लागायची, सकाळची सुटेना. तिथे १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन कामी आली, आणि सुनेला सांगून टाकणं त्याहून जास्त.

"धरलाच नाही तर" याचंही सरळ उत्तर आहे. स्क्रू हलू लागतो, पुष्कळदा न दुखता. तो उलटा फिरवून काढतात, हाड काही महिने भरू देतात, गरज पडल्यास हाडाची पूड घालतात आणि पुन्हा बसवतात. यश-अपयशाचा खर्च कोण सोसणार, हे आधीच लिहून घ्यावं. पुण्यात भाव करताना आपण लाजत नाही, इथेच का लाजतो कोण जाणे!

पहिल्या दिवशीची पकड निव्वळ आट्यांची असते. मग जुनं हाड झिजतं, नवं अजून पुरतं आलेलं नसतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमी. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस त्या बाजूने चिक्की फोडतो. हाडाने पुरतं धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात चार ते सहा. त्यानंतर वर जोडतुकडा आणि त्यावर कॅप. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांनी ज्या पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, त्याला ते २००६ मध्ये मृत्यूपर्यंत पुरले, हे ऐकून मावशी म्हणाल्या, "तो मशेरी लावत नसणार."

त्यांच्या हाडाने धरलं. कॅप बसली. कॅपला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू शकतं, तेही न दुखता. म्हणून फटीतला बारीक ब्रश रोज, तपासणी सहा महिन्यांनी. मशेरीची डबी अजून कपाटात आहे. "टाकली नाही," मावशी सांगतात, "पण कुठंय ते सुनेला दाखवून ठेवलंय."