दुरुस्तीचं दुकान टाकलंस, आता तासाचा दर काढ

शेजारचा दुकानदार मिक्सर दुरुस्तीचे दोनशे घेतो म्हणून तू एकशे ऐंशी घेऊ नकोस. त्याचा गाळा कदाचित स्वतःचा असेल. तू तुझा हिशेब मांड. समज, भाडं 12,000, वीजबिल 1,500, हाताखालच्या पोराचा पगार 14,000 आणि तुझा स्वतःचा 25,000. झाले 52,500. महिन्याचे 26 दिवस धरले तरी पैसे मिळवून देणारं काम रोज पाचेक तासच होतं. बाकी वेळ गिऱ्हाइकाशी बोलण्यात आणि पार्ट आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, फेऱ्या मारण्यात जातो. म्हणजे 130 तास, आणि तासाला साधारण 404 रुपये नुसता खर्च. नफा त्याच्या वर. स्वतःचा पगार न धरणारे बरेच आहेत. गल्ला भरलेला दिसतो, हातात काही उरत नाही.

तपासणीचे पैसे घेच. मोटर उघडून आर्मेचर, म्हणजे तिचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळालंय हे शोधणं, हेही कामच आहे. दुरुस्ती करून घेतली तर ते बिलातून वजा कर, पण हे वस्तू ठेवून घेतानाच सांग आणि पावतीवर लिही.

मिक्सरचे कार्बन ब्रश आणि कपलर, पंख्याचे 2.5 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एकदम आणून ठेव, फेरी वाचते. त्यांवर मार्जिन ठेवायला लाजू नकोस. महिन्याभरात पार्ट गेला तर फुकट बदलून देण्याचा खर्च त्यातूनच निघतो. बनावट पार्ट मात्र कधीही लावू नकोस.

दिवाळीच्या फराळाआधी मिक्सर येतात, मार्चपासून पंखे आणि कूलर. तेव्हा सवलत नको. ती पावसाळ्यात दे.